मेनचं बटण

भोपाळच्या टाउनशिपमधल्या आमच्या क्वार्टरमध्ये लाइट सहसा जात नसे. त्यामुळे जुन्या कॉम्प्युटरचं अपडेट दर रविवारी अर्ध्यावर बंद पडलं की मी त्या डबड्यालाच शिव्या घालायचो. फाइली उडवल्या, केबल बदलली. काही उपयोग नाही.

एका रविवारी चहा घेऊन परत आलो, तर कारखान्यात लेथवर काम करणारे बाबा भिंतीवरचं बटण बंद करत होते. मी भडकलोच.

"मशीन सोडून उठलं की मेन बंद करायचं," ते म्हणाले.

"बाबा, हा कॉम्प्युटर आहे! यात कुणाचा हात अडकणार आहे?"

बाबा म्हणाले, "एकदा माझ्याकडून राहिलं होतं. हात दुसऱ्याचा गेला."

मी अपडेट पुन्हा लावलं आणि पूर्ण होईपर्यंत खुर्चीतून उठलो नाही. दुसरा चहा बाबांनीच आणून दिला.