नदीच्या उत्तरेला

"तुमच्यातलं कुणीतरी बोललं ना, तर वजन पडेल," काका म्हणाले.

माझ्या हातात बशी होती. अमेरिकेत, रेडमंडमधलं त्यांचं घर. रविवारची दुपार. हॉलमध्ये इथल्या मराठी मंडळाची दहाबारा माणसं. 'तुमच्यातलं' हा शब्द कुणालाच टोचला नाही. कुणी दचकलं नाही. म्हणजे सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं.

शेजारच्या शहरात, जिथे माझं ऑफिस आहे, तिथल्या कौन्सिलपुढे एक कायदा आला होता. नोकरीत, घर भाड्यानं देताना जात बघायला बंदी. मंडळाचं म्हणणं असं की अमेरिकेत आपल्यात जात उरलेलीच नाही, मग ही बदनामी कशाला. सुनावणीला जाऊन तेच सांगायचं ठरलं होतं. आणि जात नाही हे सांगायला त्यांना माझी जात हवी होती.

काका म्हणजे मंडळात सगळ्यांचेच काका, हृदयाचे डॉक्टर, आता रिटायर्ड. आमच्या सगळ्यांच्या आधी इथे आलेले. माझी पहिली नोकरी गेली तेव्हा त्यांनी मला दोन महिने स्वतःच्या घरी ठेवलं होतं. त्यांचं एक आवडतं भाषण होतं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी बैलांच्या वॅगन घेऊन पश्चिमेला निघालेल्या लोकांचं. जो डोंगर ओलांडून आला त्याला इथे कुणी बापाचं नाव विचारलं नाही, आपण सगळे तसलेच वॅगनवाले, असं ते सांगायचे. एका उन्हाळ्यात ते आम्हा चारपाच कुटुंबांना ऑरेगॉनच्या पूर्वेला घेऊन गेले. तिथे गवतात अजून वॅगनच्या चाकोऱ्या दिसतात. माझी मुलगी त्यांच्या खांद्यावर बसली होती. मी ते भाषण ऐकलं आणि माझा ऊर भरून आला. मी खरं मानलं.

माझी जात या देशात घराबाहेर मी एकाच माणसाला सांगितली होती. मंदारला.

पूर्व किनाऱ्यावर पिस्कॅटवेला शिकत असताना आम्ही एका बेसमेंटमध्ये राहायचो. तो पुण्याचा, मी नागपूरकडचा. बर्फानं सगळं बंद होतं त्या आठवड्यात माझे बाबा गेले. जाता आलं नाही. मंदारनं खिचडी टाकली, माझ्याजवळ बसून राहिला. तेव्हा मी बोललो. बाबा पोस्टमन होते. एका आळीत लोक त्यांच्या हातून पत्र घेत नसत. ओट्याच्या कडेला ठेवायला लावायचे, मग उचलायचे. मनीऑर्डरवर सही झाली की पेनसुद्धा जमिनीवर टाकायचे, बाबांनी वाकून उचलायचं. मंदार रडला. म्हणाला, "तू माझा भाऊ आहेस यार."

त्या रविवारी मी बशी ठेवली आणि बाहेर आलो. मंदारही तिथेच होता, तो मागोमाग आला. बारीक पाऊस होता. मी विचारलं, काकांना कधी सांगितलंस?

"झाली असतील काही वर्षं. अरे, चांगल्यासाठीच सांगितलं. तू इतका वर आलास, हेच तर प्रूफ आहे."

काही वर्षं.

मग एकेक गोष्ट उलगडत गेली. मंडळाच्या पॉटलकला प्रत्येक घरानं एक पदार्थ करून आणायचा असतो. माझ्या बायकोला मेसेज यायचा, तुम्ही प्लेट्स आणि नॅपकिन आणा. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्ट करते. तिला वाटायचं, बायका आपली किती काळजी घेतात. मी घरी येऊन तिला सांगितलं.  ती फोन घेऊन खुर्चीवर बसली आणि ते जुने मेसेज एकेक वाचत गेली.

त्याच आठवड्यात मुलीचं शाळेचं प्रोजेक्ट होतं, वॅगनवाल्यांवर. मी शेजारी बसून चित्रं चिकटवत होतो. ती सांगत होती. एका तांड्यात एक काळा माणूस होता. पैसेवाला, रस्ते माहीत असलेला. वाटेत कितीतरी जणांना त्यानं सावरलं. ऑरेगॉनला पोचल्यावर कळलं की काळ्यांनी तिथे राहायचं नाही असा कायदा आहे. मग तो कोलंबिया नदीच्या उत्तरेला आला. म्हणजे आपल्या राज्यात. पण इकडेही मूळचे लोक होतेच ना बाबा, ती म्हणाली, त्यांची जमीन मग सगळ्यांनी मिळून घेतली.

 काकांच्या भाषणात हे काहीच नव्हतं. बापाचं नाव विचारत नव्हते, पण कातडी बघत होते.

मी विचारलं, "त्याच्याबरोबरचे लोक?"

"His friends? ते पण वळले. They went with him."

मी तिला त्या संध्याकाळी सगळं सांगितलं. आजोबा, ती आळी, ते पेन, ही सुनावणी. आपण कोण. तिनं नीट ऐकून घेतलं.

"मंदारकाकाला माहितीये?"

"हो."

"So he'll come with you?"

"नाही."

सुनावणीला मी गेलो. काका आणि मंदार पुढच्या रांगेत होते. मला बघून काकांनी जागा करून दिली. त्यांना वाटलं, आला. मी बसलो नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा माइकपाशी जाऊन उभा राहिलो.  मी दलित आहे, असं पहिल्यांदा मोठ्यानं म्हणालो. मग बाबांचं सांगितलं. मग नॅपकिनचं सांगितलं. मंडळाचं नाव घेतलं नाही. गरज नव्हती. पुढची रांग खाली बघत होती.

रात्री मंदारचा फोन आला. काका फार दुखावलेत म्हणाला. तुझ्यासाठी त्यांनी काय नाही केलं. एकदा सॉरी म्हण, मिटवून टाकू.

मी म्हणालो, "मंदार, तू मला भाऊ म्हणालास तेव्हा मी तुला विचारलं नव्हतं, का म्हणतोस. आता विचारतोय."

तो पुन्हा काकांचंच सांगू लागला.  मग मीच फोन ठेवला.

काकांच्या घराचं ऋण माझ्यावर आहे. दोन महिने जेवलो तिथे. नाकारत नाही. पण त्या अन्नाच्या बदल्यात माझं तोंड त्यांना मिळणार नाही. माझा बाप त्यांच्या बाजूचा पुरावा होणार नाही. इथे जात नाही असं पुन्हा जिथे कुणी म्हणेल, तिथे मी उठून उभा राहीन. बोलावलं नाही तरी. एकटा असलो तरी.