चार पुरुष पाण्याखाली
सर्दी झाली आणि सुनेनं निलगिरीचं तेल रुमालावर टाकलं, की त्या वासानं मला आटपाडीजवळची एक खोल विहीर आठवते. लढाई संपून मी पलटणीतून घरी आलो होतो. मी पट्टीचा पोहणारा, म्हणून विहिरीत काही बुडालं, की लोक मलाच बोलवायचे. त्या दिवशी सर्दीनं माझं नाक पार चोंदलं होतं. शेजारच्या मळ्यातली सून सकाळीच पाणी शेंदताना पाय घसरून बुडाली होती. तिची आई काठावर बसली होती. रडून थकलेली, नुसती पाण्याकडं बघत. पाणी चार पुरुष खोल. दोन बुड्या मारल्या, पण दोन्ही वेळा अर्ध्यावरच भुवयांच्या वर पहार घुसवावी तशी कळ आली आणि मी परत फिरलो. "ऱ्हाऊ दे गड्या, सर्दी हाय तुला," कुणीतरी म्हणालं. म्हातारी म्हणाली, "बाबा, दिस हाय तवर तेवढी वर काढ." तिसऱ्यांदा कळ सोसत तळाला गेलो, तेव्हा हाताला लुगडं लागलं. तिला वर आणून मी डोकं धरून बसलो. नाकातून रक्त गळत होतं. सगळे तिच्याभोवती जमले. म्हातारी मात्र आधी माझ्याकडं आली. पदरानं माझं तोंड पुसत म्हणाली, "लय दुकतंय व्हय रं लेकरा?" आणि मगच लेकीकडं वळली. नंतर डॉक्टरांना दाखवलं, तर ते म्हणाले, चोंदलेल्या नाकानं खोल गेलं की कपाळाच्या पोकळीत हवा पोचत नाही, दाबानं आत रक्त येतं. आठ दिवसांनी डोकं दुखायचं थांबलं. पुढं कुणी बोलवायला आलं, की मी डोक्याचं कारण सांगायचो. खरं तर तशी दुसरी आई काठावर बघायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. आज म्हातारपणी एवढं कबूल करतो.