धून संपायच्या आत

एकाच संगीतकाराचे सिनेमा-मालिकांचे अल्बम मी आज दुपारपासून लावून बसले होते. भुताच्या सिनेमात अंगावर काटा आणणारा हा माणूस विनोदी मालिकेत चक्क गुदगुल्या करतो. मग एका जुन्या घरगुती मालिकेची धून लागली आणि शेजारी बसलेल्या बाबांनी हात लांबवून स्पीकरचा आवाज वाढवला.

आई होती तेव्हा ते असंच करायचे. धून स्वयंपाकघरात पोचली, की ती गॅस बारीक करून, पदराला हात पुसत, धून संपायच्या आत येऊन बसायची. हाक मारावी लागत नसे. सिनेमाचं संगीत आपण तिकीट काढून ऐकायला जातो. मालिकेचं रोज घरी येतं, भांड्यांच्या आवाजात मिसळतं, आणि घरातलं माणूस गेलं तरी तिथून हलत नाही.

टीव्हीवर थांबायची तिथे धून आज थांबली नाही. पुढे बासरी सुरू झाली, आम्ही कधीच न ऐकलेली.

"एवढी मोठी होती ही?" बाबांनी विचारलं.

"हो. टीव्हीवर थोडीच लावायचे."

ते स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत राहिले.

"म्हणजे अजून वेळ होता," ते म्हणाले. "उगाच धावत यायची."