नाना आणि न उघडलेली बाटली

वाइन टिकवण्यासाठी जन्म वाहिलेला आणि एकही बाटली टिकू न दिलेला माणूस उभ्या खानदेशात एकच, आमच्या शेजारचे नाना. यावलच्या मळ्यातली व्यापाऱ्याने नाकारलेली केळी पोत्यात बसून एसटीने जळगावला यायची आणि नानांच्या मागच्या पडवीत त्यांची वाइन होऊ लागायची. नाना पिणारे नाहीत. चमचाभर जिभेवर घ्यायचे आणि डोळे मिटून बसायचे. त्यांना नशा आहे ती फक्त टिकवण्याची.

टिकवायचं कसं, हे मला नको तितकं पाठ झालं आहे. बाटल्या उकळायच्या, गाळ तळाशी ठेवून वरचं निवळ नळीने उतरवायचं, गळ्यापर्यंत भरायचं, बुचावर मेण ओतायचं. "भाऊ, हवा लय वाईट. हवा लागली का बठ्ठं आंबलं," असं ते मला दर वर्षी नव्याने सांगायचे. मग मे महिना यायचा. नानांच्या घरातला एकुलता एक कूलर बाटल्यांकडे तोंड करून चालायचा आणि नानांच्या बायको, अक्का, ओट्यावर पदराने वारा घेत बसायच्या. पुढे गल्लीतली सर्वांत थंड जागा माझ्या पलंगाखाली आहे असा शोध नानांना लागला, तेव्हापासून मी वाइनवर झोपू लागलो. एका दुपारी घाईने बूच मारलेली बाटली फुटली आणि मी गादीसकट हादरलो. नाना धावत आले, पलंगाखाली वाकले, "बाकीच्या बऱ्या हायेत," म्हणाले आणि गेले. पुढे पुढे मी चिडेनासासुद्धा झालो. चिडायलाही अंगात त्राण लागतं.

खरं तर उन्हाळ्याचा दोष थोडाच. बाटली चांगली राहिली आहे का, हे पाहायला नाना दर दोन-तीन दिवसांनी ती उघडायचे.

"अहो, बूच काहाले काढता?" अक्का ओट्यावरून ओरडायच्या.

"काढल्याबिगर समजीन कसं, चांगली राह्यली का नाही ते?"

हवा लागायची, वाइनचा सिरका व्हायचा आणि गल्लीतल्या घराघरांत कांदे नानांच्या सिरक्यात बुडायचे.

गेल्या हिवाळ्यात अक्का गेल्या. नानांनी केळी मागवणं बंद केलं. माझा पलंग मोकळा झाला, पण झोप काही सुधारली नाही. मग उन्हाळ्याच्या तोंडाला गव्हाची कोठी तळाला लागली आणि दाण्यांत हात घालताना नानांना एक बाटली सापडली. मेण शाबूत, आतली वाइन मधासारखी निवळ.

नाना ती दोन्ही हातांत धरून माझ्या दारात उभे राहिले. "हिनं दडवून ठेवेल व्हती, माह्यापासून," म्हणाले. मग बाटली माझ्या हातात दिली. "तुह्या पलंगाखाली ठेव. मी मांगली तरी मले देऊ नको."

तेव्हापासून ते रोज दुपारी येतात. बाटली उजेडात धरतात, पुसतात आणि हळूच विचारतात, "भाऊ, एक चमचा पाहू का चाखून?"

"नाना, बूच काहाले काढता?" मी म्हणतो. माझ्या तोंडी ती बोली बसत नाही, मला ते कळतं. पण नाना जरासे हसतात, बाटली जागेवर ठेवतात आणि रागावणारं कुणी अजून आहे, एवढ्या समाधानाने रिकाम्या घराकडे परत जातात.