मिन्काच्या खणातल्या कॉलरी

कोणी चांगलं वागलं की मिन्का दोब्रेवाच्या मनात पाल चुकचुकायची. वाईट वागणाऱ्याचं एक बरं असतं, त्याला काय हवंय ते लगेच कळतं. पण शेजारीण न मागता भाजलेल्या मिरच्यांची बरणी घेऊन दारात उभी राहिली, की मिन्का आधी बरणीचं झाकण तपासणार, मग शेजारणीचा चेहरा न्याहाळणार आणि मग विचारणार, "काय काम काढलंस?"

हसू नका तिला. बाई जन्मतः अशी नव्हती. यान्त्रा नदीकाठच्या त्या गावात, शर्टांच्या कारखान्यात ती लागली तेव्हा चांगली बोलकी, गाणी म्हणणारी पोर होती. सत्तावीस वर्षांची असताना एकदा सभा भरली. वरून आलेला साहेब म्हणाला, "मोकळेपणानं बोला, काही अडचण असेल तर सांगा." बाकी सगळ्या बायका बुटांकडे बघत बसल्या. ही उठली आणि मोकळेपणानं बोलली, की खिडक्या उघडत नाहीत, उन्हाळ्यात जीव गुदमरतो. आठ दिवसांत तिची बदली नदीकाठच्या गोदामात झाली. तिथे जीव गुदमरायचा नाही, गोठायचा. दोन हिवाळे तिनं तिथे काढले. तेव्हापासून तिनं कानाला खडा लावला. कोणी विचारलं, कसं काय? उत्तर एकच. सगळं ठीक.

पुढे राज्य बदललं, सभा बंद पडल्या, कारखाना एका ग्रीक मालकानं घेतला. मिन्का मात्र चौदा नंबरच्या मशीनवर, खिडकीशेजारी, कॉलरी शिवत राहिली. दिवसाच्या तीनशे ऐंशी कॉलरी. दहा-दहाचे गठ्ठे चिंधीनं बांधायचे, पाळी संपताना अडतीस गठ्ठे मुकादमापुढे ठेवायचे. याला तिथे नॉर्मा म्हणतात. नॉर्मा एका आठवड्यात तीनदा चुकली की माणूस घरी.

आता नॉर्मा भरणं ही एक कला, आणि नॉर्मा न ओलांडणं ही त्याहून मोठी. एखाद्या दिवशी हात चांगला चालला आणि चाळीस गठ्ठे झाले, तर चाळीस द्यायचे नाहीत. दिलेत की पुढच्या महिन्यापासून सगळ्यांची नॉर्मा चाळीस! मग सगळ्या बायका तुमच्या नावानं बोटं मोडणार. वरचे दोन गुपचूप मशीनखालच्या खणात टाकायचे. एखादा दिवस डोकं दुखतंय, रात्री घरी भांडण झालंय, पोराचा फोन आलेला नाही, त्या दिवशी खणातले काढून भर घालायची. हॉलमध्ये बत्तीस मशिनं आणि बत्तीस खण. कोणाच्या खणात किती आहे हे कोणी कोणाला विचारायचं नाही. मुकादम द्रागोमिरची आई याच हॉलमध्ये शिवत म्हातारी झाली, त्यामुळे त्याला सगळं ठाऊक होतं आणि काहीच दिसत नव्हतं.

मिन्काची उमेद म्हणाल तर त्या खणात होती. पेन्शनला चौदा महिने उरले होते. सकाळी येऊन गुडघ्यानं खण जरासा ढकलून बघायचा, जड लागला की छाती हलकी व्हायची.

आणि मग राजधानीहून, सोफियाहून, बिल्याना आली.

तिशीची, सपाट बुटांची, हसरी. हसरी म्हणजे आणखीच वाईट. वर्षभरात अकरा बायका काम सोडून गेल्या म्हणून मालकानं हिला तीन महिन्यांसाठी बोलावलं होतं. कामाचा ताण कमी कसा करावा, उमेद कशी टिकवावी, ते ही शिकवणार. रोज दहा वाजता मशिनं बंद, डोळे मिटून दहा लांब श्वास. एकतीस बायका डोळे मिटायच्या. मिन्का एक उघडा ठेवायची.

"एकसष्ट वर्षं श्वास घेतेय," ती शेजारच्या मशीनवरच्या रुझाला म्हणाली. "आता तो घ्यायला सोफियाहून मास्तरीण लागली होय?"

"पण ताई, बरं वाटतं गं," रुझा म्हणाली. "दहा मिनिटं पायांना तरी आराम."

रुझा पन्नाशीची, गोल चेहऱ्याची, पायांच्या शिरा फुगलेली. नऊ वर्षं ती मिन्काच्या डाव्या हाताला बसत होती. दोघी एकाच डब्यातली बानित्सा, सारण भरलेली खुसखुशीत पोळी, खायच्या, म्हणजे रुझा आणायची आणि मिन्का आत काय घातलंय ते विचारून मग खायची.

बिल्यानानं एकेकीला वर खोलीत बोलवायला सुरुवात केली. मिन्काला विचारलं, "कामाचा दिवस निभावून न्यायला तुम्हाला कशाची मदत होते?"

मिन्काचं धाबं दणाणलं. हिला खणांचा वास लागला! "सगळं ठीक," ती म्हणाली आणि खाली आली.

रुझा मात्र वर गेली ती पाऊण तास खाली येईना. त्याच आठवड्यात ती पुन्हा गेली. पुढच्या सोमवारी तिसऱ्यांदा.

"काय एवढं बोलता?" मिन्कानं विचारलं.

"असंच गं," रुझा म्हणाली आणि सुईत दोरा ओवायला लागली. सुईत दोरा आधीच होता.

झालं! त्या संध्याकाळी मिन्कानं आयुष्यात पहिल्यांदा आपला खण मोजला. सहा गठ्ठे. खणाच्या फटीवर तिनं पांढरा दोरा आडवा चिकटवला आणि घरी गेली. रात्रभर तळमळली. सकाळी येऊन बघते तर दोरा तुटलेला, आणि आत आठ गठ्ठे.

आता चोर आला आणि काही घेऊन गेला, तर माणूस बोंब मारतो. चोर येऊन ठेवून गेला तर काय करायचं? मिन्कानं गठ्ठे मांडीवर घेतले आणि एकेक कॉलर उलटून पाहिली. प्रत्येकीचा हात वेगळा असतो. मिन्का शिवणीच्या शेवटी बोटभर दोरा सोडायची, रुझा अगदी मुळाशी कापायची. आठातले सात गठ्ठे मुळाशी कापलेले होते. सात!

म्हणजे हे एका रात्रीचं काम नव्हतं. किती दिवसांपासून ही बया आपला खण भरतेय? कशासाठी, हे कळायला मिन्काला फार वेळ लागला नाही. खण तुडुंब भरायचा, मग वरच्या बाईला दाखवायचा, बघा, म्हातारी माल दडवते. चौदा नंबरची खिडकी रुझाला, आणि मिन्काला पेन्शनआधीच नारळ. नऊ वर्षं बानित्सा खाऊ घातली ती उगाच नाही!

बुधवारी वायरमन आला आणि चौदा नंबरवर एक नवा दिवा बसवून गेला. लवचीक मानेचा, चांगला लख्ख. बाकी एकीलाही नाही, फक्त मिन्काला.

"हा कशाला?" तिनं विचारलं.

"वरून सांगितलंय, मावशी."

वरून! आता तर उजेड पाडून बघणार होते तिच्या हातांकडे. मिन्कानं दिवा भिंतीकडे वळवला आणि लावलाच नाही.

त्याच दुपारी द्रागोमिर ओरडत गेला, "शुक्रवारी मशिनं साफ होणार, मालकाचा माणूस येतोय, खण रिकामे ठेवा." ही नेहमीची सूचना होती. ज्याला कळायचं त्याला कळायचं. गुरुवारी पाळी संपताना बायकांनी आपापला साठा पिशवीत, स्वेटरखाली, जमेल तसा घरी नेला. रुझानंही आपला खण रिकामा केला आणि लंगडत बस पकडायला गेली.

मिन्का मागे राहिली. सवयीनं रोज काढूनही तिच्या खणात पुन्हा आठच होते. तिनं स्वतःचा एकुलता एक गठ्ठा पिशवीत टाकला. मुळाशी कापलेले सात तिनं रुझाच्या खणात ठेवले आणि खण हळूच लोटला. तुझं तुला परत, ती मनात म्हणाली.

शुक्रवारी मालकाच्या माणसानं एकेक खण ओढला. एकतीस रिकामे. रुझाच्यात सत्तर कॉलरी.

"ह्या कोणाच्या?"

रुझानं वरची कॉलर उचलली, उलटली, दोरा पाहिला. मग तिनं मान वळवून मिन्काकडे पाहिलं. फार वेळ नाही. "माझ्या," ती म्हणाली.

"एवढा वेळ उरतो का तुला? मग इस्त्रीवर जा."

इस्त्री म्हणजे मागची खोली. वाफ, आणि आठ तास उभं राहणं. रुझानं डबा उचलला आणि गेली.

मिन्काला वाटलं होतं, आता शांत झोप लागेल. लागली नाही. सोमवारी ती कामाला बसली. शेजारच्या मशीनवर कोणी नव्हतं. पाळी संपताना तिनं गठ्ठे मोजले. एकतीस. पुन्हा मोजले, टेबलाखाली वाकून बघितलं, गठ्ठे सोडून कॉलरी एक-एक करून मोजल्या, तीनशे दहा. एकतीसच. सवयीनं हात खणाकडे गेला, तर खण रिकामा.

"मावशी, सात कमी?" द्रागोमिरचा विश्वास बसेना. "बरं नाही का?"

"सगळं ठीक."

मंगळवारी ती पाणी प्यायलासुद्धा उठली नाही. दहाच्या श्वासाला मशीन बंद केलं नाही. बोटं आखडली, उजवा अंगठा थरथरायला लागला, डोळ्यांपुढे शिवण दुहेरी दिसायला लागली. शेवटी दिवा आपल्याकडे वळवला आणि लावला. शिवण पुन्हा एक झाली. तरी संध्याकाळी गठ्ठे तीस.

तेव्हा तिनं मनाशी हिशेब मांडला. अडतीस तिनं शेवटचे कधी केले होते? वसंतात? मार्चमध्ये लाल-पांढऱ्या धाग्याची मार्तेनित्सा मनगटावर होती, तेव्हा अंगठा पहिल्यांदा आखडला होता, हे तिला आठवलं. तेव्हापासून रोज ती खणातून चार काढायची, पाच काढायची, चांगल्या दिवशी परत टाकू म्हणायची. चांगला दिवस आलाच नव्हता, आणि खण कधी रिकामा झाला नव्हता. सात महिने! दुसऱ्याच्या मिरच्यांची बरणी तपासणाऱ्या बाईनं स्वतःचा खण सात महिने तपासला नव्हता.

बुधवार तिसरा दिवस. त्या सकाळी मिन्का मशीनवर गेलीच नाही, सरळ मागच्या खोलीत गेली. वाफेत रुझा उभी होती, पायांना पट्ट्या गुंडाळून.

"सात होते," मिन्का म्हणाली.

"माहीत आहे. मीच ठेवलेले," रुझा इस्त्री न थांबवता म्हणाली. "तुझ्या खणातून माझ्या खणात काय चालत आले होते?"

"मग शुक्रवारी बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुझ्या खणात ते का ठेवत होते, हेही मग सांगावं लागलं असतं. मिन्काताईचे हात चालत नाहीत म्हणून. तिथे, त्या माणसासमोर, सगळ्यांसमोर सांगू?"

"निदान मला सांगायचंस!"

रुझानं इस्त्री उभी केली. पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "तुला? दिलं असतं तुझ्या हातात आणि म्हटलं असतं, घे ताई, तर तू काय म्हणाली असतीस? सांग ना. काय म्हणाली असतीस?"

मिन्काच्या ओठांवर ते वाक्य आयतंच होतं. काय काम काढलंस? तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. तिनं भिंतीला हात टेकला आणि रडली, मोठ्यानं, नाक ओढत. रुझानं तिला जवळ वगैरे घेतलं नाही. फक्त इस्त्रीचं फडकं पुढे केलं. "पूस. आणि तो दिवा लाव. तीन खेपा घातल्यात त्यासाठी वर."

मिन्का जिने चढून वर गेली. बिल्याना म्हणाली, "बसा ना." ती बसली नाही.

"रुझाच्या खणात ते गठ्ठे मी ठेवले. तिला मशीनवर परत आणा. ते माझ्यासाठी शिवलेले होते. माझे हात दिवसाला एकतीसच करतात. काल तीस केले."

बिल्यानाचं हसू गेलं. चेहरा बरा दिसायला लागला. "रुझाबाईंनी हातांबद्दल मला एक अक्षर सांगितलं नाही," ती म्हणाली. "म्हणायच्या, खिडकी असूनही तिथे अंधार येतो." मग तिनं कागद ओढला. "रुझाबाईंना परत आणायला मी सांगेन. तुमच्यासाठी बटणांचं टेबल मागता येईल, तिथे नॉर्मा नाही. पण हे सगळं लिहावं लागेल, तुमच्या नावानं. आणि मालक ऐकेलच असं वचन मी देऊ शकत नाही."

लिहून. नावानं. मिन्काच्या पाठीतून गोदामातला गारठा सरसरत गेला. चौदा महिने. ही पोरगी कागद नेऊन कोणापुढे ठेवेल, कोणास ठाऊक.

"आधी रुझाचं लिहा," ती म्हणाली. "माझं खाली."

बिल्यानानं लिहिलं आणि कागद तिच्यापुढे फिरवला. मिन्कानं तो वाचला. चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग उलटा करून मागे काही आहे का, तेही बघितलं. मागे कोरं होतं. सही करताना अंगठा थरथरला आणि नावातलं शेवटचं अक्षर रेघेखाली घसरलं. तिनं अंगठा दुसऱ्या हातानं झाकला नाही.

"आणि ह्याची एक प्रत मला द्या," ती म्हणाली. "आत्ता. रुझाला दाखवायचीय."