मागच्या खुर्चीतले आबा

"आबा गेले," असा दौंडहून फोन आला, तेव्हा मी आधी विचारलं, "कोण बोलतंय?" पलीकडे माझा मेहुणा रडत होता. आवाज ओळखीचा होता, तरी मी फोन ठेवला आणि त्यांच्या शेजाऱ्यांकडे लावला. तिथूनही तेच कळलं, तेव्हा कुठे आत जाऊन प्रज्ञाला, माझ्या बायकोला, सांगितलं. वाचणाऱ्याला हे विचित्र वाटेल. पण एकाच्या सांगण्यावर विसंबायचं नाही, दुसऱ्याकडून खात्री करून घ्यायची, ही सवय मला माझ्या सासऱ्यांनीच लावली होती. त्यांच्या मरणाची बातमीसुद्धा मी त्यांच्याच पद्धतीनं तपासली... ते असते तर म्हणाले असते, दोघं एकाच गल्लीतले, तिसऱ्याला विचारायला पाहिजे होतं.

आबा रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. पुढे इंजिनात ड्रायव्हर आणि गाडीच्या शेपटाला, ब्रेकव्हॅनमध्ये, एकटे आबा. सगळी नोकरी त्यांनी गाडीकडे मागून बघण्यात घालवली. कुठे धूर निघतोय का, कुठलं दार उघडं राहिलंय का, कोणी वर चढलंय का. निवृत्त झाल्यावर गाडी सुटली, बघणं काही सुटलं नाही. दूधवाला, भाडेकरू, विहाराच्या बांधकामाचा मिस्त्री, मतं मागायला लांबूनच जयभीम घालत येणारे उमेदवार, सगळ्यांकडे ते एक डोळा बारीक करून बघत. भाजीवाल्यानं दोन मिरच्या जास्त टाकल्या, तरी ह्याच्या मनात काहीतरी आहे, असं त्यांना वाटायचं. अशा माणसाच्या मुलीसाठी माझं स्थळ गेलं, आणि बायोडाट्यात शिक्षणापुढे लिहिलं होतं, 'गेम डेव्हलपमेंट, पदवीचं शेवटचं वर्ष'.

तेव्हा ही पदवी नवीकोरी होती. पुण्यातल्या एका विद्यापीठात ती सुरू झाली आणि शिरूरहून मी एकटाच तिकडे गेलो. माझे वडील रांजणगावला कंपनीत शिफ्टमध्ये होते. बसमधल्या सोबत्यांना ते "कॉम्प्युटरचं काहीतरी" एवढंच सांगायचे आणि खिडकीबाहेर बघायचे. खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. आम्हाला शिकवणारे निम्मे लोक चित्रकलेतून आलेले, निम्मे गणितातून, आणि गेम कोणीच बनवलेला नव्हता. दिवसभर कोड लिहायचा, पडद्यावरचा ठिपका भिंतीला आपटून परत यायला हवा, तो भिंतीतून आरपार जायचा. डिग्री संपल्यावर नोकरी देणारं कोणी आहे का, असं विचारलं की सर फळा पुसायला लागायचे. पण तो ठिपका एकदाचा भिंतीवरून परत आला, त्या दिवशी मला झालेला आनंद अजून आठवतो. त्या आनंदाच्या जोरावर मी टिकलो.

आणि दौंडला स्टँडच्या मागे तेव्हा एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. दाराला पडदा, आत मशीन आणि मशीनच्या आड जुगार. पोलीस अधूनमधून चार माणसं धरून न्यायचे. आबांनी माझा बायोडाटा वाचला आणि त्यांच्या डोळ्यांपुढे ते दुकान आलं. पोरगा जुगाराचा धंदा टाकणार आणि त्याचं शिक्षण विद्यापीठात घेतोय, असं कसं असेल? म्हणजे पदवी खोटी असणार, पोरगा लबाड असणार. आमच्याकडे मुलगी देण्याआधी गुपचूप चौकशी करतात, गावात, कामाच्या ठिकाणी, पानाच्या टपरीवर. आबा एका सकाळी शटल गाडीनं पुण्याला आले आणि चौकशीसाठी थेट विद्यापीठाच्या कँटीनमध्ये जाऊन बसले.

नेमके माझ्यासमोर. बायोडाट्यावरच्या फोटोत मी दुसऱ्याचा कोट घालून, मिशी ठेवून बसलो होतो. कँटीनमधला मी मिशी काढलेला, दोन दिवस न आंघोळलेला. त्यांनी मला ओळखायचं काही कारणच नव्हतं. आता त्या आठवड्यातली आमची अवस्था सांगायला हवी. हॉस्टेलवर आम्ही सगळे कॉपी केलेली सॉफ्टवेअरं वापरत होतो आणि धाड पडणार अशी आवई उठली होती. पोरं सीड्या गादीखाली दडवत होती. अशात इस्त्रीचा शर्ट घातलेला, एक डोळा बारीक केलेला अनोळखी माणूस समोर येऊन बसतो, बशीत चहा ओततो आणि विचारतो, "शिरूरचा मिलिंद नावाचा पोरगा हितं शिकतो का? काय काय करतो त्यो?"

मिलिंद म्हणजे मीच. हा धाडीचाच माणूस, असं मी धरलं. मी म्हणालो, "असा कोणी मुलगा इथं नाही." त्यांनी पुन्हा विचारलं, नीट आठवून सांगा म्हणाले. मी आणखी ठामपणे सांगितलं की वर्गातली सगळी पोरं मला ठाऊक आहेत, शिरूरचं कोणीच नाही. त्यांनी शांतपणे चहा संपवला, माझ्याही चहाचे पैसे दिले आणि गेले. मी धावत हॉस्टेलवर जाऊन माझ्या सीड्या मित्राच्या पेटीत टाकल्या.

पुढच्या रविवारी आबा न्हावऱ्यावरून जीपनं शिरूरला आले, ते आम्हाला खडे बोल सुनवायलाच. सोबत प्रज्ञा होती. तिनं हट्टच धरला होता, की ज्यानं फसवलं त्याचं तोंड मला बघायचंय. वडिलांनी त्यांना बसवलं, आईनं पाणी दिलं, आणि आबांनी सुरुवात केली की तुमचा पोरगा त्या विद्यापीठात नाहीच, मी स्वतः जाऊन विचारून आलोय. तेवढ्यात मी बाहेर आलो. आबा माझ्याकडे बघतच राहिले.

"ह्योच त्यो," ते वडिलांना म्हणाले. "ह्यानंच मला सांगितलं, ह्यो तिथं न्हाई म्हणून."

प्रज्ञा इतकी हसली की तिला पदर तोंडाशी धरावा लागला. आबा मात्र हसले नाहीत. मी धाडीची, सीड्यांची सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले की जो माणूस स्वतःलाच ओळख दाखवत नाही, तो उद्या बायकोला काय दाखवणार. जाताना प्रज्ञानं मागे वळून माझ्याकडे एकदा बघितलं. तेव्हापासून हे लग्न व्हावं असं मला फार वाटायला लागलं, आणि ते होणं न होणं त्या बारीक केलेल्या डोळ्याच्या हातात होतं.

घरी गेल्यावर प्रज्ञानं त्यांना काय सांगितलं, ते तिनं मला अजून सांगितलेलं नाही. पण दोन आठवड्यांनी आबा पुन्हा विद्यापीठात आले, ह्या वेळी सरांची परवानगी काढून. लॅबमध्ये त्यांनी एक खुर्ची ओढली आणि माझ्या पाठीमागे ठेवून बसले. मी आमच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टवर काम करत होतो. तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात जीप भरायची आणि खड्ड्यांतून निमोण्याला न्यायची, टपावरची माणसं आणि भाजीच्या पाट्या पडू द्यायच्या नाहीत, असा गेम होता तो. अख्खी दुपार ते मागून बघत राहिले. माझी मान अवघडली. एकदा मी त्यांना चहाला चला म्हटलं, तर ते म्हणाले की गाडी यार्डात लागल्याबिगर गार्डानं पाठ फिरवायची नसते. संध्याकाळी उठताना त्यांनी एकच विचारलं, "ह्या जीपच्या मागचं कोण बघतंय?" मी म्हटलं, कोणी नाही. त्यांनी मान हलवली. मग दारापाशी थांबून म्हणाले, "पोरगी देतो. पन म्या येऊन बघत ऱ्हानार."

आणि ते बघत राहिले. लग्नानंतर मला पुण्यात मोबाइलचे गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत काम मिळालं. निम्मं काम मी शिरूरच्या घरी बसून करायचो. आबा महिन्यातून एकदा यायचे, नातीचा मुका घ्यायचे आणि तपकिरी प्लास्टिकची खुर्ची उचलून माझ्या टेबलामागे ठेवायचे. पडदाही दिसला पाहिजे आणि दारही, अशी त्यांची जागा ठरलेली होती. पगार वेळेवर होतो का, मालक कुठला, रात्री दिवे बंद झाल्यावर ती कंपनी असते का नसते, असे त्यांचे प्रश्न. मी चिडायचो. प्रज्ञाला म्हणायचो, तुझ्या वडिलांचा माझ्यावर कधी विश्वास बसायचा? ती म्हणायची, त्यांचा स्वतःच्या घड्याळावर तरी कुठे आहे. पाहुण्यांत कोणी विचारलं, जावई काय करतात, तर आबा म्हणायचे, "चाललंय, बघतोय." एवढं ऐकायला मिळावं म्हणून का मी राबत होतो? दर वेळी मला ते लागायचं.

शेवटचे आले ते जाण्याच्या पंधरवडाभर आधी. मी काम करत होतो. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. नेहमीची खोकल्याची उबळ आली नाही, प्रश्न आला नाही. बऱ्याच वेळानं मी वळून पाहिलं, तर आबांनी खुर्ची फिरवली होती. पडद्याकडे पाठ, दाराकडेही पाठ, तोंड खिडकीबाहेरच्या शेवग्याकडे. मान छातीवर टेकवून ते गाढ झोपले होते. मी प्रज्ञाला खुणेनं बोलावलं. दोघंही बघत राहिलो, मग मी पुन्हा कामाला लागलो.

पुण्यानुमोदनाला, आबांच्या नावानं वंदना झाली त्या दिवशी, दौंडला मेहुण्यानं सांगितलं की शेवटी शेवटी आबांच्या डोळ्यांना उजेड सोसत नव्हता, थकवाही फार होता. म्हणजे गार्डानं पाठ फिरवली ती पडद्याच्या उजेडामुळे असेल. असेलही. आबांचाच जावई असल्यामुळे मी ह्या गोष्टीवर सहज विश्वास ठेवत नाही. शेवग्याच्या खिडकीत दुपारचं ऊन पडद्यापेक्षा जास्त असतं, हे मी शिरूरला परतल्यावर त्याच वेळी तिथे बसून बघितलंय. तिसऱ्या कोणाला विचारायचं, तर तो माणूसच राहिला नाही... मला आबांची फार आठवण येते.

परवा केर काढताना प्रज्ञा ती खुर्ची पहिल्यासारखी माझ्याकडे तोंड करून ठेवायला लागली. मी म्हटलं, राहू दे. काम करता करता अजूनही माझी मान अवघडते, कोणीतरी बघतंय असं वाटतं आणि मी वळतो. खुर्चीची पाठ माझ्याकडे असते.