वहिनीची तीन मरणं

माझ्यावर सगळ्यात मोठं ऋण आहे ते माझ्या वहिनीचं.

मी दुसरीत असताना ती लग्न होऊन आमच्या घरी आली. आई त्याआधीच गेली होती. मी तालुक्याच्या शाळेतून बारावी झालो, तेव्हा भाऊ म्हणाला, "बास झालं. आता फुलांच्या मळ्यात हात लाव." वहिनी भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यांना फुलं तोडता येत नाय. देठ मोडून ठेवत्यात. कॉलेजातच धाडा." खरं म्हणजे मला फुलं चांगली तोडता यायची. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो तिच्या त्या खोट्या तक्रारीमुळे.

आता मी नाशिकला गंगापूर रोडला राहतो आणि कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात मी काही कथा लिहिल्या, त्या दिवाळी अंकांत आल्या. शेवटी कोणी मेल्याशिवाय कथा होत नाही, अशी तेव्हा माझी समजूत होती. आणि बाई रंगवायची म्हटलं तर मला जवळून माहीत होती ती एकच बाई. म्हणून एका कथेत ती तापाने गेली, दुसरीत विहिरीत, तिसरीत झेंडूच्या ढिगात दडलेल्या सापाने. नावं निराळी होती. पण ठेच लागल्यावर दगडालाच शिव्या घालणारी आणि वजनात मारणाऱ्या व्यापाऱ्याच्या सात पिढ्या काढणारी बाई दुसरी कोण असणार?

वहिनी चौथीपर्यंत शिकलेली. अंक घेऊन ओट्यावर बसायची आणि ओळीवर बोट ठेवून वाचायची. वाचून झालं की विचारायची, "काय भाऊजी, यंदा सापानं का? मागल्या खेपेला विहीर होती ना?" मी ओशाळलो की म्हणायची, "मारा, मारा. जित्या माणसाच्या मरणाची खोटी बातमी उठली की आयुष्य वाढतं. तुमच्यामुळं मी शंभरी गाठते बघा."

हे आमच्याकडे सगळेच म्हणतात. मीही हसून सोडून द्यायचो.

यंदा एका छोट्या प्रकाशकांनी त्या जुन्या कथांचं पुस्तक करायचं ठरवलं आणि मजकूर एकदा नजरेखालून घालून द्या म्हणाले. त्याच सुमारास माझ्या मुलीने मला जपानी अ‍ॅनिमेचा नाद लावला. म्हणजे तिकडच्या कार्टूनचा; मारामारीच्या नव्हे, साध्या जगण्याच्या. डोंगरातलं एक गाव, तिथे किराणा दुकान चालवणारी एक बाई आणि तिच्याकडे राहायला आलेला भाचा. एका भागात तर विसरलेली छत्री परत नेऊन देण्यापलीकडे काहीच घडत नाही. पण तो मुलगा शाळेतून आला, त्या बाईने न बोलता त्याच्यापुढे भात ठेवला आणि मला वहिनीची भाकरी आठवली. कॉलेजातून आलो की मी आणि मुलगी चहाचे कप घेऊन एक भाग पाहायचो. दिवसातला तेवढा वेळ मला फार आवडायचा.

मग जुन्या कथा क्रूर वाटू लागल्या. ज्या बाईने मला वाढवलं, तिला मी का मारत सुटलो होतो? मी शेवट बदलायला घेतले. पहिल्या कथेत बाईचा ताप उतरतो, ती उठून बसते आणि चहा मागते. पान लिहून झालं, समाधान वाटलं.

त्याच आठवड्यात वहिनीला ताप आला. सगळ्या तपासण्या झाल्या, रक्तात काही निघालं नाही. ताप मात्र चढत-उतरत राहिला. वय झालं, पाऊसपाणी बदलतंय, असं आम्ही एकमेकांना म्हणालो.

दुसऱ्या कथेत बाई मोटार बघायला विहिरीवर जाते ती परत येत नाही. मी तिला परत आणलं. लिहिलं, "ती अंगणात आली तेव्हा तिचा पदर ओला होता." ते वाक्य मी कोणालाही वाचून दाखवलं नव्हतं.

दोन दिवसांनी भावाचा फोन आला. तो घाबरलेला होता. "अरे, ही विहिरीवर सापडली. कठड्यावर बसलेली, पाय आत सोडून. विचारलं तर म्हणती, कोणीतरी हाक मारली."

"पडली नाही ना?"

"नाय. पण पदर ओला हाय तिचा. पाणी किती खाली गेलंय, तुला माहीत हाय. ओला झालाच कसा?"

मी फोन ठेवला आणि लिहिलेलं ते पान पुन्हा काढून वाचलं.

संध्याकाळी मुलीबरोबर मालिका पाहायला बसलो. दुकानातली बाई हसत होती. पाऊस झाला, बर्फ पडलं, झाडं पुन्हा फुलली, तरी भाचा त्याच इयत्तेत आणि बाईचा एकही केस पांढरा नाही. मी विचारलं, "यांच्यात कोणी म्हातारं होत नाही का गं?"

"बाबा, ही तसली मालिका नाही," मुलगी प्रेमाने म्हणाली. "इथे कोणाला कधीच काही होत नाही."

पडद्यावर रिकामं स्वयंपाकघर होतं. नळाच्या तोंडाशी थेंब साचत होता, गळत नव्हता. ती सगळी माणसं किती हळू, किती मऊ बोलतात, हे मला पहिल्यांदाच खटकलं.

तिसरी कथा टेबलावर तशीच पडून होती, सापाची. वहिनी रोज झेंडूत असते. कथेतून काढलेलं मरण तिच्याकडे जात होतं का? दोन प्रयोगांवरून नियम निघत नाही, असं मीच वर्गात मुलांना सांगतो. नियम तपासायचा तर तिसरा प्रयोग करावा लागतो. तो करण्याची माझी छाती होईना.

रविवारी गावी गेलो. वहिनी ओट्यावर बसली होती. चेहरा उतरलेला, आवाज बारीक. बदललेल्या दोन्ही कथा मी तिच्या हातात दिल्या. तिने बोट ठेवून सावकाश वाचल्या. वाचताना एकदाही हसली नाही.

"ही कोण बाई?" तिने विचारलं.

"तुम्हीच की."

"मी? हिला राग येत नाय. भांडत नाय. सगळ्यांशी गोडच बोलते." तिने कागद मांडीवर ठेवले. "भाऊजी, दहाव्याला जमलेली माणसं मेलेल्या बाईबद्दल असंच बोलत्यात."

भाऊ आतून म्हणाला, "जिवंत ठेवलं तरी तक्रार. हिला मेलेलंच आवडतं."

"तुम्ही गप बसा, तुम्हाला नाय इचारलं!" त्या दिवसातला तिचा तेवढाच एक आवाज ओळखीचा होता. मग ती माझ्याकडे वळली. "पयल्या गोष्टींत मी मरत होते, पण मरेपर्यंत मी होते. शिव्या देत होते, सौदा करत होते. आता मरत नाय, पण मी हाय कुठं? मला पयल्यासारखी मरू द्या, भाऊजी."

मी विचारलं, "विहिरीवर कोणी हाक मारली होती?"

तिने मांडीवरचे कागद माझ्याकडे सरकवले. "बाईच होती. आवाज माझाच होता. पण लय गोड बोलत होती."

घरी आलो, नवीन शेवट काढून टाकले, जुने होते तसे बसवले आणि तिन्ही कथा प्रकाशकांकडे पाठवल्या. हे फोनवर सांगणं जमेना, म्हणून वहिनीला पत्र लिहिलं. ते असं:

ती. वहिनी,

साष्टांग नमस्कार. तुम्ही सांगितलंत तसं केलं आहे. पुस्तकात तुम्ही तिन्ही वेळा मरता. पहिल्या कथेत मरायच्या आधी डॉक्टरची फी ऐकून उठून बसता आणि त्याला बोलता, तेही परत घातलं आहे. विहिरीवरून तुम्ही परत येत नाही. झेंडूतल्या सापाला मी हात लावलेला नाही.

मी विज्ञान शिकलो ते तुमच्यामुळे, म्हणून तुमच्याशी खोटं बोलत नाही. तुमचं म्हणणं मला पटलं की मी घाबरलो, हे माझं मलाच कळत नाही. दोन्ही असेल. शिकलेल्या माणसाने असं लिहू नये, पण तुमच्यापाशी शिकलेला माणूस म्हणून मी कधी राहिलोच नाही.

फुलं तोडायला जाल तेव्हा हातात काठी ठेवा आणि आधी ताटवा हलवून घ्या. भाऊला बरोबर न्या, तो कुरकुरला तरी. गोड आवाजात कोणी हाक मारली तर ओ देऊ नका.

पत्र मिळालं की फोन करा. जुन्या गोष्टींतली एखादी चूक काढा, मला वाटेल ते बोला, भाऊसारखं मलाही गप बसवा. मी कॉलेजात असलो तरी फोन उचलेन. मला फक्त तुमचा तो चढा आवाज ऐकायचा आहे.

तुमचा,
देठ मोडणारा दीर